राजवाडा जळतो, आराखडा उरतो

९ मे १४२१. बीजिंगचा नवा राजवाडा वापरात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्याच वर्षीच्या चिनी नववर्षाला मिंग घराण्याचा सम्राट युंगल याने तिथे पहिला मोठा दरबार भरवला होता. मे महिन्यातल्या त्या रात्री वीज पडली आणि राजवाड्यातली सगळ्यात महत्त्वाची तीन सभागृहं जळून गेली.

त्या वेळी बीजिंगमध्ये एक परदेशी वकिलात मुक्कामाला होती. तैमूरलंगाचा मुलगा शाहरुख याने हेरातहून ती पाठवली होती आणि तिच्यात घियासुद्दीन नक्काश नावाचा एक चित्रकार होता. तो रोजनिशी लिहीत असे. नव्या राजवाड्याचं वैभव त्याने लिहून ठेवलं, आणि काही महिन्यांतच त्याच राजवाड्याच्या आगीचीही नोंद केली. निषिद्ध नगरीचा पुढचा सगळा इतिहास या दोन नोंदींत आहे, असं म्हणता येईल. ती बांधली गेली आणि जळली. मग पुन्हा बांधली गेली आणि पुन्हा जळली.

आज आपण फोटोत पाहतो ते मुख्य सभागृह १४२० चं नाही. ते १६९५ ते १६९७ या काळात उभं राहिलं. तरीही 'सहाशे वर्षांचा राजवाडा' हे वर्णन मला खोटं वाटत नाही. सहाशे वर्षं टिकलं ते लाकूड नव्हे. टिकली ती मांडणी. कुठली इमारत कुठे, तिचं तोंड कुठल्या दिशेला, तिच्यापर्यंत कोण येणार आणि कुठल्या दाराबाहेर थांबणार, हे ठरवणारा आराखडा टिकला. तो इतका का टिकला, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पुतण्याची गादी आणि नवी राजधानी

युंगल हा सरळ मार्गाने सम्राट झालेला नव्हता. मिंग घराण्याच्या संस्थापकाचा तो मुलगा, पण गादी पुतण्याकडे गेली होती. उत्तरेच्या सरहद्दीवर सरदारकी सांभाळणाऱ्या या काकाने बंड केलं आणि १४०२ मध्ये राजधानी नानजिंग जिंकून घेतली. पुतण्या राजवाड्याच्या आगीत मेला असं जाहीर झालं. तो निसटला, ही अफवा मात्र काकाच्या मरणानंतरही संपली नाही.

अशा माणसाला राजधानी स्वतःच्या प्रदेशात हलवावीशी वाटली यात नवल नाही. १४०६ मध्ये हुकूम निघाला. सिच्वान, युन्नान, क्वेचौ या नैऋत्येकडच्या प्रांतांतल्या जंगलांतून नान्मू नावाच्या वृक्षाचे प्रचंड ओंडके तोडून नद्यांमधून वाहून आणले गेले. 'डोंगरात हजार जण शिरतात, पाचशे परत येतात' अशी म्हण या कामावरून पडली. खुद्द राजवाड्याचं मुख्य बांधकाम १४१७ ते १४२० या अवघ्या तीन-चार वर्षांत उरकलं. इतक्या वेगाचं रहस्य असं की आराखडा नवा नव्हता. नानजिंगच्या राजवाड्याचाच नमुना मोठ्या जागेवर मांडला होता, आणि त्या नमुन्यामागेही दोन हजार वर्षांच्या राजधान्यांची परंपरा होती.

म्हणूनच आग लागल्यावर युंगल हादरला. गादी बळकावणाऱ्याच्या सभागृहावर आकाशातून वीज पडते, याचा अर्थ लोक काय काढणार हे त्याला कळत होतं. त्याने अधिकाऱ्यांना मोकळेपणाने टीका करायला सांगितलं. काहींनी खरंच केली. राजधानी हलवली हीच चूक, असं म्हटलं. त्यातल्या एकाला ते प्राणांवर बेतलं.

युंगल १४२४ मध्ये मोहिमेवर असताना वारला. त्याच्या मुलाने राजधानी पुन्हा नानजिंगला न्यायचं ठरवलं, पण तोही वर्षभरात गेला. दरम्यान बीजिंगच्या कचेऱ्यांच्या नावामागे 'तात्पुरता मुक्काम' अशा अर्थाचा शब्द लागला होता. जळालेली सभागृहं तशीच पडून होती. ती १४४१ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि त्याच वर्षी तो 'तात्पुरता' शब्दही निघाला. या पुनर्बांधणीची जबाबदारी न्गुयेन आन या माणसाकडे होती. तो मूळचा व्हिएतनामचा. मिंग फौजांनी त्याचा देश जिंकला तेव्हा लहान वयात पकडून आणलेला आणि खोजा केलेला. ज्या साम्राज्याने त्याच्याकडून सगळं हिरावून घेतलं, त्याचं केंद्रस्थान उभं करण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं.

दारामागे दार

आता आराखडा पाहू. उत्तर-दक्षिण ९६१ मीटर आणि पूर्व-पश्चिम ७५३ मीटर असा हा आयत आहे. भोवती तट, तटाबाहेर ५२ मीटर रुंदीचा खंदक. खंदकातून निघालेली माती उत्तरेला रचून तिथे जिंगशान ही टेकडी केली. त्यामुळे वाड्याला पाठीशी डोंगर आणि पुढ्यात पाणी मिळालं. डोंगर नव्हता म्हणून तो तयार केला.

मधोमध दक्षिणेकडून उत्तरेकडे एक सरळ रेषा जाते. महत्त्वाची प्रत्येक इमारत या रेषेवर आहे आणि तिचं तोंड दक्षिणेला आहे. ही रेषा राजवाड्याबाहेरही शहरभर जाते. तिची एकूण लांबी ७.८ किलोमीटर आहे. २०२४ मध्ये युनेस्कोने या अक्षाचीच जागतिक वारसा म्हणून वेगळी नोंद केली.

दक्षिणेचं मुख्य दार म्हणजे मध्याह्नद्वार. त्याचे दोन्ही बाजूंचे तट पुढे आलेले आहेत. त्यामुळे येणारा माणूस दारापाशी पोचण्याआधीच तीन बाजूंनी घेरला जातो. दाराला पाच वाटा आहेत. मधली फक्त सम्राटाची. सम्राज्ञीला ती आयुष्यात एकदाच, लग्नाच्या दिवशी आत येताना मिळे. आणि राजपरीक्षेत पहिले आलेले तिघे, मग ते कुठल्याही घरातले असोत, निकालाच्या दिवशी त्या वाटेने एकदाच बाहेर पडत. या नियमातली खोच मला फार आवडते. खेड्यातल्या हुशार मुलाला साम्राज्य सांगत होतं की ही वाट तुझीही होऊ शकते. फक्त एकदा, आणि फक्त बाहेर जाताना.

आत गेल्यावर चौक, त्यात कमानीसारखा वळलेला पाण्याचा प्रवाह, त्यावर पाच पूल, मग आणखी एक दार, आणि मग राजवाड्यातला सगळ्यात मोठा चौक. या पुढच्या चौकांत झाडं नाहीत. उघडी फरसबंदी आणि वर आकाश. समोर संगमरवरी दगडाचं तीन टप्प्यांचं, सुमारे आठ मीटर उंचीचं जोतं आणि त्यावर ओळीने तीन सभागृहं. पहिलं थायहं, म्हणजे परम सौहार्दाचं: राज्यारोहण, सम्राटाचा वाढदिवस, नववर्षाचा दरबार यांसाठी. मधलं छोटं, चौकोनी, सम्राटाने समारंभाआधी थांबायचं. तिसऱ्यात मेजवान्या आणि पुढच्या काळात राजपरीक्षेची शेवटची फेरी.

तिथून खाली उतरलं की एक आडवा चौक लागतो आणि त्याच्या उत्तरेला छ्येनछिंग दार. इथे राज्य संपतं आणि घर सुरू होतं. आतही तीन मुख्य इमारती त्याच रेषेवर, पुढच्या तिघींची लहान प्रत असावी तशा. पहिली सम्राटाची, तिसरी सम्राज्ञीची. पूर्वेला सहा आणि पश्चिमेला सहा वाडे राण्यांचे. मग बाग आणि उत्तरेचं दार. या शेवटच्या दाराचं नाव छिंग काळात बदलावं लागलं, कारण त्यातलं एक अक्षर सम्राट कांगशीच्या व्यक्तिगत नावात होतं.

या सगळ्यात ९,९९९ खोल्या आहेत अशी दंतकथा आहे, वर अर्धी खोली. स्वर्गाच्या राजाकडे दहा हजार, म्हणून पृथ्वीवरच्याकडे किंचित कमी. १९७३ च्या मोजणीत सुमारे ८,७०० भरल्या. पण 'खोली' हे भाषांतर दिशाभूल करणारं आहे. चिनी मोजमाप आहे 'ज्येन', म्हणजे चार खांबांमधली जागा. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: खण. जुन्या घरांना आपण दोन खणी, पाच खणी म्हणतो, तोच हिशोब. थायहं सभागृह ही एकच खोली आहे, पण ते रुंदीला ११ खण आणि खोलीला ५ खण आहे.

लाकूड आणि आग

खण हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण या इमारतींचं सगळं वजन खांबांवर असतं. भिंती फक्त आडोशाला. खांबाच्या माथ्यावर आडव्या-उभ्या लाकडी हातांचा जुडगा एकावर एक रचत नेतात; एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते. छपराचा भार या जुडग्यांतून खांबांत उतरतो. भूकंपात हे सांधे थोडे हलतात आणि धक्का जिरवतात. पण भूकंपाला पुरून उरणारी ही रचना आगीपुढे मात्र हतबल आहे. दगडी जोत्यावर शेकडो टन वाळलेलं, रंगरोगण चढवलेलं लाकूड, तेही सपाट प्रदेशातल्या सगळ्यात उंच जागी.

आगीची धास्ती वाड्याच्या अंगाअंगावर दिसते. चौकाचौकांत पाण्याचे मोठमोठे धातूचे हंडे आहेत. छिंग काळातल्या नोंदीत त्यांची संख्या ३०८ आहे. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांना झाकणं घालत आणि खाली निखारे ठेवत. जवळजवळ सगळी छपरं पिवळ्या कौलांची, पण १७७६ मध्ये बांधलेल्या ग्रंथालयाची कौलं काळी आहेत. पंचतत्त्वांच्या चिनी कल्पनेत काळा रंग पाण्याचा. निदान पुस्तकं तरी वाचावीत म्हणून. छपराच्या कोपऱ्यांवर ओळीने छोटे प्राणी बसवलेले असतात आणि इमारतीच्या मानाप्रमाणे त्यांची संख्या वाढते. दहा प्राणी फक्त थायहंवर आहेत. त्यातला दहावा माकडासारख्या तोंडाचा, पंखांचा, हातात गदेसारखं आयुध धरलेला आहे. विजेपासून राखण करणं हे त्याचं काम.

त्याने राखण केली नाही, किंवा त्याला जमली नाही. १५५७ मध्ये आग लागली आणि पुढची तीन सभागृहं पुन्हा गेली. या वेळी मध्याह्नद्वारही जळालं. १५६२ पर्यंत पुन्हा बांधकाम झालं. त्याच सुमाराला १२३ टनांचा एक दगड सुमारे ७० किलोमीटरवरच्या खाणीतून हिवाळ्यात घसरगाडीवर ओढत आणला गेला. रस्त्यावर पाणी ओतून बर्फ केला होता, वाटेत त्यासाठी विहिरी खणल्या होत्या, आणि प्रवासाला २८ दिवस लागले. चाकाच्या गाड्या असताना बर्फ कशाला, याचा हिशोब २०१३ मध्ये चिनी आणि अमेरिकन संशोधकांनी मांडला. बर्फावर पाण्याचा पातळ थर राहिला तर घर्षण इतकं कमी होतं की पन्नासहून कमी माणसं तो दगड ओढू शकतात.

१५९७ मध्ये तिसरी आग लागली. पुन्हा तीच सभागृहं. आणि या वेळी जे झालं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं: तीस वर्षं ती पुरी झालीच नाहीत. १६२७ मध्ये काम संपलं. या तीस वर्षांत जगातल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या केंद्रस्थानी सिंहासनाचं सभागृह नव्हतं, होतं ते रिकामं जोतं. तरी कारभार चालू होता. सम्राट वानली तर तसाही अधिकाऱ्यांवर रुसून वर्षानुवर्षं दरबारात येत नव्हता. पण ती जागा दुसऱ्या कशासाठी वापरावी, निदान सभागृह आतल्या बाजूला हलवावं, असं कोणी केलं नाही.

छिंग काळात, १६७९ मध्ये, थायहं पुन्हा जळलं. स्वयंपाकघरात लागलेली आग बाजूच्या लाकडी ओवऱ्यांवरून चढत आली. सोळा वर्षांनी काम सुरू झालं तेव्हा ल्यांग ज्यू या सत्तरी उलटलेल्या सुताराने आधी एक दशांश मापाची लाकडी प्रतिकृती बनवली आणि तिच्यावरून खरं सभागृह उभं केलं. तो मिंग काळातल्या एका दरबारी उस्तादाच्या हाताखाली शिकलेला होता. राजघराणं बदललं, पण गुरुशिष्यांची साखळी तुटली नव्हती. आता नान्मूचे मोठे वृक्ष मिळत नव्हते, म्हणून खांब ईशान्येकडच्या पाइनचे केले. मिंगांचं सभागृह रुंदीला ९ खणांचं होतं, आताचं ११ खणांचं. लांब तुळया न मिळाल्याने खण अरुंद करून वाढवले, असं त्याचं कारण दिलं जातं. दोन्ही बाजूंच्या लाकडी ओवऱ्या काढून तिथे विटांच्या आगरोधक भिंती घातल्या. म्हणजे लाकडाची जात बदलली, खण बदलले, चुकीवरून शिकून दुरुस्तीही झाली. पण जोतं तेच, तोंड तिकडेच, मधली रेषा तीच.

हे शक्य झालं त्याला तांत्रिक कारणही आहे. चिनी बांधकाम फार पूर्वीपासून प्रमाणित होतं. ११०३ च्या सरकारी बांधकामग्रंथात लाकडाच्या छेदाचे आठ दर्जे ठरवून बाकीची मापं त्यांच्या पटीत दिलेली आहेत. १७३४ मध्ये छिंग सरकारने अशीच नियमावली काढली. तिच्यात जुडग्याच्या खाचेची रुंदी हे मूळ माप, आणि खांबाचा व्यास त्याच्या सहापट. एक माप ठरलं की इमारत ठरली. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे लगेच ओळखीचं वाटतं. आतला कोड सगळा नव्याने लिहिता येतो, बाहेरचा करार तेवढा मोडायचा नाही.

पण नियमावली असली म्हणून कोणी बांधतंच असं नाही. पुण्याचा शनिवारवाडाही दगडी जोत्यावरचा लाकडी वाडा होता. १८२८ मध्ये तो जळला आणि आजही तिथे फक्त जोती आहेत. पेशवाई त्याच्या दहा वर्षं आधीच संपली होती. तो वाडा पुन्हा उभा राहण्याची कोणाला गरज नव्हती. बीजिंगमध्ये मात्र जिंकून आलेल्यालाही तोच आराखडा हवा होता. १६४४ मध्ये बंडखोर ली त्झुछंगची फौज शहरात शिरली, शेवटच्या मिंग सम्राटाने जिंगशानवर गळफास घेतला, आणि काही आठवड्यांनी पळताना लीने राजवाड्याला आग लावली. मागून आलेल्या मांचूंनी, म्हणजे छिंग घराण्याने, दुसरीकडे नवा राजवाडा बांधला नाही. त्यांनी हाच दुरुस्त केला. सभागृहांची नावं बदलली, पाट्यांवर चिनीशेजारी मांचू लिपी आणली. सम्राज्ञीच्या इमारतीचं दार मध्यावरून बाजूला सरकवून आत शामान पूजेची जागा केली आणि बळीचं डुकराचं मांस शिजवायला चुली मांडल्या. पण हे मागे, घरात. पुढच्या बाजूला त्यांना जुनीच भाषा बोलायची होती, कारण ती चिनी प्रजेला कळत होती.

आतला माणूस

हा आराखडा सम्राटाला केंद्रस्थानी बसवतो. पण केंद्रस्थानी बसलेल्या माणसाला तो सुखाचा होता का?

पुरावा उलटा आहे. संधी मिळताच सम्राट तिथून पळत. १५४२ मध्ये डझनभराहून जास्त दासींनी मिळून झोपलेल्या सम्राट ज्याजिंगचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला. गाठ चुकली आणि तो वाचला. त्या स्त्रियांना हाल करून मारलं. त्यानंतर ज्याजिंग पश्चिमेच्या उद्यानात राहायला गेला आणि उरलेली दोन तपं तिथूनच राज्य केलं. त्याच्या क्रूरपणाच्या कथा वाचल्या की त्या दासींना दुसरा मार्ग उरला नसावा असंच वाटतं. बारा वाड्यांच्या त्या नेटक्या मांडणीत त्यांच्यासाठी बाहेर जाण्याचं दार नव्हतं.

छिंग सम्राटांनीही वर्षातला बराच काळ शहराबाहेरच्या युएनमिंगयुएन उद्यानात काढला. सम्राट युंगचंगने तर १७२२ नंतर रेषेवरचा शयनमहाल सोडून बाजूच्या एका लहान वाड्यात बस्तान हलवलं. पुढचे सगळे सम्राट तिथेच राहिले. रेषेवर उरला तो समारंभ, आणि एक पाटी. छ्येनछिंग महालातल्या सिंहासनावरच्या त्या पाटीमागे वारसाचं नाव पेटीत बंद करून ठेवण्याची पद्धत युंगचंगनेच सुरू केली.

भिंती अभेद्यही नव्हत्या. १८१३ मध्ये एका पंथाचे बंडखोर आतल्या खोज्यांच्या मदतीने पूर्व आणि पश्चिम दारांतून शिरले. त्या दिवसाचं बाणाचं टोक एका दाराच्या पाटीत आजही रुतलेलं आहे. १९०० मध्ये आठ राष्ट्रांच्या फौजांनी बीजिंग घेतलं आणि २८ ऑगस्टला दक्षिणेच्या दारातून उत्तरेच्या दारापर्यंत संचलन केलं. अपमान करायचा तर कुठून चालत जायचं, हे त्यांना आराखड्यानेच सांगितलं होतं. ब्रिटिशांच्या फौजेत बहुतेक हिंदी शिपाई होते. त्यांच्यातल्या सातव्या राजपूत पलटणीच्या गदाधर सिंह यांनी 'चीन में तेरह मास' हे पुस्तक लिहिलं. त्यांची सहानुभूती पराभूतांकडे आहे.

एक दार, दोन देश

१९१२ च्या फेब्रुवारीत सहा वर्षांच्या पुयीच्या नावाने राजत्यागाचा फर्मान निघाला. करारानुसार त्याला पदवी राहिली आणि राजवाड्यात 'तात्पुरतं' राहण्याची मुभा मिळाली. मग राजवाडा वाटला कसा? छ्येनछिंग दारापाशी. पुढची सभागृहं प्रजासत्ताकाकडे, मागचं घर सम्राटाकडे. पाचशे वर्षांपूर्वी राज्य आणि घर यांच्यात आखलेल्या रेघेचा वापर आता दोन राजवटींची सीमा म्हणून झाला. नवी भिंत फारशी घालावीच लागली नाही. पुढच्या सभागृहांवरच्या पाट्यांमधून मांचू अक्षरं निघाली; मागे ती राहिली. आजही पाट्या वाचत गेलं तर ती सीमा दिसते.

त्या मागच्या अर्ध्यात पुयी बारा वर्षं सम्राट होता, कोणाचाही नव्हे असा. तो सायकल शिकला आणि उंबरे आड येतात म्हणून त्याने ते कापायला लावले. खरं तर या राजवाड्याच्या आराखड्याला कुठल्याही सम्राटाने केलेला हा सगळ्यात थेट विरोध. १९२३ मध्ये एक बाग आणि तिथली ठेव्याची दालनं जळाली. चोऱ्या लपवायला खोज्यांनीच आग लावली असा संशय घेऊन पुयीने त्यांना हाकलून दिलं. ५ नोव्हेंबर १९२४ ला एका सेनापतीच्या सैनिकांनी त्याला काही तासांत बाहेर पडायला लावलं. तो उत्तरेच्या दारातून गेला. पुढच्या वर्षी १० ऑक्टोबरला वाडा संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडला.

१९२३ मध्ये जळालेली ती बागही या शतकाच्या सुरुवातीला जुन्या जोत्यांवर पुन्हा बांधली गेली. म्हणजे ही सवय अजून गेलेली नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर साधं आहे. आराखडा पवित्र होता म्हणून टिकला नाही. प्रत्येक नव्या मालकाच्या कामाचा होता म्हणून टिकला. बंडखोर काकाला, परक्या मांचूंना, सगळ्यांनाच 'राज्य आमचं' हे सांगायला तयार वाक्य हवं होतं, आणि ते दगडात आधीच लिहिलेलं होतं. त्याची किंमत जंगलात मेलेल्या लाकूडतोड्यांनी, न्गुयेन आनसारख्यांनी, त्या दासींनी आणि थोडीफार आत बसलेल्या सम्राटांनीही चुकवली.

आज प्रेक्षकांना दक्षिणेच्या मध्याह्नद्वारातूनच आत सोडतात. उलट दिशेने येता येत नाही. गर्दी चौकामागून चौक ओलांडत, दरबाराला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या त्याच क्रमाने, संगमरवरी जोत्यावर चढते आणि थायहंच्या दाराशी थांबते. आत कोणालाच सोडत नाहीत. लोक उंबऱ्याबाहेर उभे राहून, टाचा उंचावून, अंधारातलं रिकामं सिंहासन पाहतात.